हेराक्लीजचं खरं शस्त्र कुठलं, गदा की धनुष्य?

पिंपळपार

ग्रीक पुराणकथा मनापासून वाचणारे बरेच जण इथे आहेत म्हणून धागा काढतोय. हेराक्लीज (रोमन लोकांचा हर्क्युलीस) म्हटलं की डोळ्यासमोर एकच चित्र येतं, अंगावर सिंहाचं कातडं आणि हातात गाठीगाठींची जाडजूड गदा. पुतळे बघा, जुनी नाणी बघा, हल्लीचे गेम्स बघा, सगळीकडे तेच. पण सध्या सोफोक्लीज आणि युरिपिडीजची नाटकं इंग्रजीतून वाचतोय तर तिथे कथेला जिथे म्हणून वळण लागतं तिथे गदा बाजूलाच पडलेली असते आणि धनुष्यबाण पुढे आलेला असतो. होमरमध्ये पण तेच. ओडिसी काव्याचा नायक ओडिसियस पाताळाच्या दारात जातो तेव्हा त्याला हेराक्लीजची छाया दिसते, धनुष्य बाहेर काढलेलं, बाण दोरीवर चढवलेला, आत्ता सोडेल की मग सोडेल अशी भयंकर नजर, आणि भोवतालचे मेलेले लोक घाबरलेल्या पाखरांसारखे कलकलाट करत पळतायत. गदेचं नाव नाही.

आता गंमत अशी की ग्रीकांमध्ये तिरंदाजाला फारसा मान नव्हता. इलियडमध्ये ट्रॉयचा राजपुत्र पॅरिस याचा बाण ग्रीक वीर डायोमिडीजच्या पायात घुसतो तेव्हा डायोमिडीज त्याला किती तुच्छतेने बोलतो बघा, बाईने किंवा अजाण पोराने मारावं तसं लागलं म्हणतो. मग त्यांचा सगळ्यात मोठा वीर तिरंदाज कसा? आणि हे धनुष्य नेमकं कशाचं प्रतीक मानायचं? सविस्तर लिहिलंत तर फार बरं होईल.

तांबडी_माती

चांगला प्रश्न. माझं मत आधीच सांगते, गदा हे त्याच्या ताकदीचं चिन्ह आहे आणि धनुष्य हे त्या ताकदीच्या परिणामांचं. गदेने मारलं की विषय तिथेच संपतो, बाणाने मारलेलं मात्र संपत नाही, ते फिरून कुणाच्या ना कुणाच्या दारात येतं, आणि याचं कारण आहे हायड्रा, अनेक डोक्यांची सर्पराक्षसीण.

त्याच्या बारा कामगिऱ्यांपैकी दुसरीत लर्नाच्या दलदलीत त्याने हायड्राला मारलं, हे सगळ्यांना माहीत असतं, एक डोकं कापलं की दोन उगवायची, मग त्याचा पुतण्या आयोलाउसने जळक्या लाकडांनी माना डागल्या वगैरे. पण त्यानंतर त्याने जे केलं ते लोक विसरतात. त्याने ते धूड चिरलं आणि आपले बाण तिच्या पित्तात बुडवून घेतले. म्हणजे राक्षसीण मेली पण तिचं विष हा भात्यात घेऊन फिरायला लागला. पुढचं अर्धं आयुष्य त्या एका कृतीचं आहे असं मला वाटतं.

आता माग काढत चला. रानडुकराच्या मोहिमेवर असताना तो फोलस नावाच्या सेंटॉरकडे (अर्धा माणूस, अर्धा घोडा) पाहुणा म्हणून उतरतो, दारूचा रांजण उघडतात, वासाने बाकीचे सेंटॉर धावून येतात, मारामारी होते, बाण सुटतात. त्यातला एक जाऊन कायरॉनच्या गुडघ्यात बसतो. कायरॉन म्हणजे सगळ्या वीरांचा गुरू, वैद्यकी जाणणारा, आणि अमर. जखम बरी होत नाही आणि मरणही येत नाही, शेवटी तो आपलं अमरत्व सोडून देतो तेव्हा सुटतो. आणि फोलस बिचारा, त्याचा तर भांडणाशी संबंधच नाही, तो एका प्रेतातून बाण उपसून हातात धरून बघतो की एवढीशी काडी आणि एवढ्या मोठ्या धडाला कशी काय मारते, बाण हातातून निसटतो, पायावर पडतो आणि तो जागच्या जागी मरतो. पुराणकथांचं संकलन करणाऱ्या अपोलोडोरसने हे दोनचार वाक्यांत उरकलंय पण मला सगळ्या कथांमध्ये हा प्रसंग सर्वात जास्त लक्षात राहिलाय. त्याला दोघांनाही मारायचं नव्हतं, दोघेही मित्र.

मग नेसस, हाही सेंटॉरच. एव्हेनस नदीवर तो हेराक्लीजची बायको डियानिरा हिला पलीकडे नेताना मध्येच तिच्या अंगाला हात लावतो, हेराक्लीज काठावरून बाण मारतो, छातीतून आरपार. मरता मरता नेसस तिला सांगतो की माझ्या जखमेभोवतीचं गोठलेलं रक्त जपून ठेव, नवऱ्याचं मन दुसरीकडे गेलं तर वशीकरणाला कामाला येईल. त्या रक्तात हायड्राचं विष उतरलेलं. ती ते घरात आतल्या खोलीत जपून ठेवते, उन्हापासून आणि आगीपासून लांब, तशीच ताकीद असते. पुढे हेराक्लीज ओइखालिया शहर लुटून तिथली राजकन्या आयोले घेऊन येतो तेव्हा डियानिरा ते नव्या अंगरख्याला लावते आणि नवऱ्याला भेट म्हणून पाठवून देते. तिचा हेतू फक्त त्याचं प्रेम परत मिळवण्याचा.

सोफोक्लीजच्या "ट्राखिसच्या स्त्रिया" नाटकात इथे एक जागा आहे ती जरूर परत वाचा. अंगरखा गेला, आणि ज्या लोकरीच्या बोळ्याने तिने ते रक्त लावलं होतं तो बोळा तिने सहज उन्हात टाकून दिला. तर तो आपोआप झिजत झिजत करवतीच्या भुशासारखा भुगा होऊन गेला आणि जिथे पडला होता तिथल्या जमिनीतून फेस उकळून वर आला, द्राक्षांचा रस सांडल्यावर येतो तसा. तिला त्या क्षणी कळतं, पण अंगरखा तर वाटेला लागलाय. तिकडे तो यज्ञाच्या आगीसमोर उभा, घाम सुटतो, कापड कातडीला चिकटतं आणि विष आत शिरतं. त्याला फार पूर्वी भविष्य सांगितलेलं असतं की कुठलाही जिवंत माणूस तुला मारणार नाही, जो मेलाय तोच मारेल. मेलेला नेसस, मेलेली हायड्रा, आणि बाण त्याचाच.

शेंदरी_आभाळ

वरच्या प्रतिसादाला +१, फोलसचा प्रसंग मी पण विसरू शकलेलो नाही.

तिरंदाजाला मान का नव्हता याबद्दल थोडं. इ.स.पू. ५ व्या शतकातल्या ग्रीक शहरांचं युद्ध म्हणजे ढालीला ढाल लावून उभी राहिलेली रांग, आपली ढाल शेजाऱ्याला झाकते, शेजारचा पळाला की आपण मेलो. अशा समाजात लांबून बाण मारणारा माणूस पळपुटा वाटणारच. युरिपिडीजने हाच वाद सरळ रंगमंचावर आणलाय, "हेराक्लीज" नाटकात. त्यात लायकस नावाचा जुलमी राजा म्हणतो की याने कधी डाव्या हातात ढाल धरली नाही, भाल्याच्या जवळ आला नाही, धनुष्य हे भित्र्यांचं हत्यार, पाय लावून पळायला सदा तयार. त्यावर म्हातारा अ‍ॅम्फिट्रियॉन (हेराक्लीजचा मानलेला बाप) उत्तर देतो की उलट भालेवालाच आपल्या हत्यारांचा गुलाम असतो, भाला मोडला की संपला, शेजारचा भेकड निघाला की संपला, पण धनुष्यवाला कुणावर अवलंबून नसतो, शत्रूला दिसत पण नाही आणि स्वतः शाबूत राहतो.

नुसतं वाचलं तर वादात अ‍ॅम्फिट्रियॉन जिंकला असं वाटतं. पण हे नाटक पुढे कुठे जातं बघा. देवांची राणी हेरा त्याच्यावर वेड पाठवते आणि त्या वेडात त्याला आपलीच मुलं शत्रू युरिस्थियसची वाटायला लागतात. एक पोरगा खांबाभोवती पळतो, त्याला बाण मारतो. दुसरा पळण्याऐवजी जवळ येऊन पाया पडतो, मी तुझाच आहे बाबा म्हणतो, तो इतका जवळ आलेला असतो की बाण मारता येत नाही म्हणून त्याला गदेने मारतो. तिसऱ्याला आई मेगारा आत घेऊन दार लावते तर दार उखडून मायलेकरांना एकाच बाणात. जो लांब आहे त्याच्यासाठी धनुष्य आणि जो जवळ येतो त्याच्यासाठी गदा, म्हणजे दोन्ही शस्त्रांची कामं कवीने इथे शेवटची आणि सगळ्यात भयंकर करून दाखवलीत. त्यामुळे गदेला पूर्ण निर्दोष ठेवायला मी तयार नाही, तांबडी_माती.

आणि अ‍ॅम्फिट्रियॉन म्हणाला होता की धनुष्यवाला कुणावर अवलंबून नसतो. शुद्धीवर आल्यावर तोच माणूस खांबाला बांधलेला असतो, आजूबाजूला धनुष्य आणि बाण विखुरलेले, आणि त्याला उठवायला मित्र थिसियसचा हात लागतो.

शेवटाकडे एक भाषण आहे, तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्या मते तिथेच आहे. हेराक्लीज विचार करतो की ही शस्त्रं ठेवू की टाकू. ठेवली तर चालताना बरगड्यांवर आपटत राहतील आणि म्हणतील, आमच्याच हातून तू पोरं मारलीस बायको मारलीस आणि आम्हालाच बाळगतोस. टाकली तर उघडा पडेन, शत्रू लाजिरवाणं मरण देतील. मग तो ठरवतो की टाकायची नाहीत, दुःखाने का होईना बाळगायचीच. प्रतीक वगैरे शब्द वापरायचा तर या इतकं स्वच्छ प्रतीक मला दुसरं माहीत नाही, कारण इथे त्याला स्वतःलाच कळलंय की आपण खांद्यावर काय वागवतोय.

बोरूटाक

गदेबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून थोडं लिहितो.

अपोलोडोरस यादी देतो त्यात हर्मीसने तलवार दिली, अपोलोने धनुष्यबाण, हेफायस्टसने सोन्याचं चिलखत, अथीनाने वस्त्र. आणि गदा मात्र त्याने स्वतः नेमियाच्या रानात तोडून घेतली. म्हणजे बाकी सगळं देवांचं देणं, गदा तेवढी त्याची. दुसऱ्या एका परंपरेत त्याने हेलिकॉन डोंगरावरचं रानऑलिव्हचं झाड मुळासकट उपटून गदा केली. प्रवासवर्णन लिहिणारा पॉसेनियस ट्रॉयझन गावी गेला होता, तिथले लोक त्याला सांगतात की हेराक्लीजने गदा हर्मीसच्या मूर्तीला टेकवून ठेवली आणि तिला मुळं फुटली, झाड अजून आहे. पॉसेनियस म्हणतो ज्याला पटेल त्याने मानावं. तर धनुष्य मरण पसरवत जातं आणि गदेला पालवी फुटते, हा फरक मला फार मोलाचा वाटतो. मेगाराच्या मुलाचं जे झालं ते खरंच आहे, शेंदरी_आभाळ, तरी लोकांनी गावोगाव जपली ती ही गदा, आणि ती जपताना त्यांच्या मनात हे झाड असणार.

आणि चित्रात गदा का जास्त दिसते याचं एक साधं कारण पण आहे. कातडं आणि गदा हा वेष जुना नाहीच. भूगोलकार स्ट्रॅबो स्पष्ट लिहितो की हा वेष ट्रॉयच्या काळाचा नव्हे, हेराक्लीजवर महाकाव्य रचणाऱ्या कवीने, तो पिसँडर असो की आणखी कुणी, नंतर बसवलेला आहे आणि जुन्या लाकडी मूर्ती अशा नसतात. हे तो लिहितो कुठे तर भारताच्या वर्णनात! अलेक्झांडरच्या लोकांना इकडे सिबे नावाचे लोक भेटले, ते कातडी पांघरायचे, सोटे बाळगायचे आणि गुरांवर सोट्याचा डाग द्यायचे, तेवढ्यावरून मॅसेडोनियन लोकांनी ठरवलं की हे हेराक्लीजच्या सोबत्यांचे वंशज. स्ट्रॅबोला ते अजिबात पटत नाही, तो म्हणतो हा सगळा अलेक्झांडरची खुशामत करणाऱ्यांचा उद्योग. अलेक्झांडर स्वतःला हेराक्लीजचा वंशज म्हणवायचा आणि त्याच्या चांदीच्या नाण्यांवर सिंहाचं कातडं डोक्यावर घेतलेला हेराक्लीज असायचा. राजाला असंच चिन्ह परवडतं. आपल्याच पोरांना लागलेला बाण कोण नाण्यावर छापेल.

(थासॉस बेटाच्या नाण्यांवर मात्र गुडघा टेकून बाण सोडणारा हेराक्लीज आहे, हा एक अपवाद. एजिना बेटावरच्या अफायाच्या देवळातली त्याची तिरंदाज मूर्ती आता म्युनिकच्या संग्रहालयात आहे, सिंहाच्या तोंडाचं शिरस्त्राण घालून गुडघ्यावर बसलेला, फोटो शोधून बघाच.)

पिंपळपार

काय सुंदर प्रतिसाद आलेत, मनापासून आभार सगळ्यांचे. बरगड्यांवर आपटणारी शस्त्रं वाचून थांबलोच थोडा वेळ.

आता पुढचं. हे धनुष्य हेराक्लीजबरोबर चितेत जात नाही, ट्रॉयच्या युद्धाला निघालेल्या फिलोक्टेटीज या ग्रीक वीराला मिळतं. मग विषाचा तो माग त्याच्याकडे पण जातो का? त्याला साप चावतो, पाय सडतो, ग्रीक त्याला लेम्नोस बेटावर टाकून जातात. ही धनुष्याचीच बाधा म्हणायची का?

तांबडी_माती

मला तसं वाटत नाही. हे धनुष्य त्याला कसं मिळालं बघा ना. ईटा पर्वतावर हेराक्लीज जिवंतपणी जळत असतो, वेदना थांबवायला चिता रचून घेतो आणि ती पेटवायला कुणी धजत नाही, सोफोक्लीजमध्ये तर मुलगा हिलस लाकडं रचायला तयार होतो पण आग लावायला नाही म्हणतो. फिलोक्टेटीज पेटवतो (काही ठिकाणी त्याचा बाप पोयास). त्या उपकाराची फेड म्हणून धनुष्य त्याच्या हातात येतं. लूट म्हणून नाही, पैजेत जिंकून नाही.

सोफोक्लीजचं "फिलोक्टेटीज" इ.स.पू. ४०९ मध्ये झालं आणि स्पर्धेत पहिलं आलं, तेव्हा सोफोक्लीज ऐंशी पार केलेला म्हातारा होता. त्यात निओप्टोलेमस, अकिलीसचा पोरगा, ओडिसियसच्या सांगण्यावरून हे धनुष्य फसवून आणायला आलेला असतो कारण त्याशिवाय ट्रॉय पडणार नाही असं भविष्य आहे. तो विचारतो, हेच का ते धनुष्य, मला जवळून बघता येईल का, हातात घेऊन देवासारखा नमस्कार करता येईल का? आणि फिलोक्टेटीज, ज्याला सगळ्यांनी टाकलं, जो इतकी वर्षं याच धनुष्याने पाखरं मारून जगलाय, तो म्हणतो घे, तुझ्या चांगुलपणासाठी तुला हात लावायचा हक्क आहे, मला पण ते कुणाचं तरी भलं करूनच मिळालं. फसवायला आलेल्या पोराला हे ऐकावं लागतं. पुढे दुखण्याचा झटका येतो तेव्हा तो धनुष्य खरंच त्याच्या हातात सोपवतो, जीवच सोपवला म्हणा, कारण धनुष्य गेलं तर ज्या पाखरांना खाल्लं तीच मला खातील असं तो पुढे म्हणतोच. आणि पोरगा शेवटी ओडिसियसला न जुमानता ते परत देतो. मला तर असं वाटतं की हेराक्लीजच्या हातात जे धनुष्य मैत्री मारत आलं त्याच धनुष्यामुळे इथे एक मैत्री जुळते.

शेंदरी_आभाळ

यातलं बरंचसं पटतं पण धनुष्य शुद्ध झालं असं म्हणायला जीव धजत नाही. ते परत हातात आल्या आल्या फिलोक्टेटीज पहिलं काय करतो? ओडिसियसवर बाण रोखतो. निओप्टोलेमस हात धरतो म्हणून बरं. शेवटी स्वतः हेराक्लीज देव होऊन वर प्रकट होतो आणि सांगतो की ट्रॉय दुसऱ्यांदा माझ्याच धनुष्याने पडणार आहे (पहिल्यांदा त्याने राजा लाओमेडॉनचं ट्रॉय लुटलं होतं), जा, पॅरिसला मार. आणि लगेच बजावतो, पण शहर लुटताना देवांची चाड ठेवा. अथेन्सच्या प्रेक्षकांना पक्कं माहीत होतं की हाच गुणी पोरगा निओप्टोलेमस ट्रॉयमध्ये तिथल्या म्हाताऱ्या राजा प्रायमला झ्यूसच्या वेदीवरच कापणार आहे. विषाचं धनुष्य चांगल्या माणसांच्या हातात आलं तरी ते ट्रॉयलाच घेऊन जातं, हे सोफोक्लीज लपवत नाही.

बोरूटाक

एक धागा राहिला, ओडिसियसच्या धनुष्याचा, आणि तो याच कथेला येऊन मिळतो हे सहसा लक्षात येत नाही.

हेराक्लीजला धनुष्यविद्या शिकवली ओइखालियाच्या युरिटसने. हाच तो आयोलेचा बाप. युरिटसचं धनुष्य त्याच्या मुलाला, इफिटसला मिळालं. इफिटस हरवलेल्या घोड्या शोधत मेसिनीला गेला असताना त्याची तरुण ओडिसियसशी गाठ पडली, दोघांची दोस्ती झाली, इफिटसने धनुष्य दिलं आणि ओडिसियसने तलवार नि भाला. पुढे एकमेकांच्या घरी जेवायला जायचं राहूनच गेलं, कारण इफिटस त्याच घोड्या शोधत हेराक्लीजच्या घरी गेला आणि हेराक्लीजने आपल्या घरात उतरलेल्या पाहुण्याला मारून घोड्या ठेवून घेतल्या. ओडिसीच्या २१ व्या सर्गात होमर कथा थांबवून हे सगळं सांगतो, आणि सांगतो कधी तर ओडिसियसची बायको पेनेलोपी कोठारातून धनुष्य काढायला निघालेली असते तेव्हा. ओडिसियसने ते धनुष्य कधी लढाईला नेलं नाही, मित्राची आठवण म्हणून घरी ठेवलं.

म्हणजे पाहुणा म्हणून गेलेल्या आणि मारल्या गेलेल्या माणसाचं हे धनुष्य, आणि ते शेवटी कुणावर चालतं तर पाहुणे म्हणून घुसून घर खाऊन टाकणाऱ्या, पेनेलोपीला लग्नाची मागणी घालणाऱ्यांवर. होमरने ही जुळणी नकळत केली असेल यावर माझा विश्वास नाही.

आणि विष? पहिल्याच सर्गात अथीना सांगते की ओडिसियस एकदा बाणांना लावायला विष मागत एफिराच्या इलसकडे गेला होता आणि इलसने दिलं नाही, कारण त्याला देवांची भीती वाटली. मग दुसऱ्या कुणीतरी दिलं. तर बाणाला विष लावणं हे देवांना न आवडणारं काम आहे ही जाणीव होमरच्या काळात पण होती, हायड्राच्या पित्तात बाण बुडवणारा हेराक्लीज याच नजरेने बघितला पाहिजे.

पिंपळपार

इफिटसची जागा माझ्या वाचनात आलीच नव्हती, आज रात्री २१ वा सर्ग काढतो. एक शेवटचं विचारतो, "ट्राखिसच्या स्त्रिया" आणि "फिलोक्टेटीज" यातलं आधी काय वाचावं? माझं पहिलं निम्मंच झालंय आणि दुसरं मी अधूनमधून चाळलंय.

तांबडी_माती

ट्राखिस पूर्ण करा आधी, चिता रचण्यापर्यंत. फिलोक्टेटीज लगेच त्यानंतर घ्या, मध्ये दुसरं काही नको. आणि युरिपिडीजचं तुम्ही वाचलंय असं वाटतं, नसेल तर ते सगळ्यात शेवटी, दिवसाउजेडी वाचा.